बंदिस्त म्हणजे किती बंदिस्त? क्वीन्सलँडमधल्या प्रिसिपिस वालुकाश्माचं प्रकरण

२४ मे २०२४ रोजी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या पर्यावरण खात्यानं एका प्रकल्पाला नकार कळवला. कोळशावर चालणाऱ्या मिलमेरन वीजकेंद्राच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा आणि मूनी या लहानशा गावाच्या पश्चिमेला, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवरच्या 'प्रिसिपिस' नावाच्या वालुकाश्मात सोडायचा, अशी योजना होती. वर्षाला १,१०,००० टन, तीन वर्षं, एकूण ३,३०,००० टन. ग्लेनकोर या खाणकंपनीची सीटीएससीओ नावाची उपकंपनी हे करणार होती. पुढच्या मोठ्या साठवणीची ही चाचणी होती.

नकाराच्या कारणांचा गोषवारा असा: ही जागा बंदिस्त जलधरात (पाणी धरून ठेवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या खडकाच्या बंद थरात) मोडत नाही, सोडलेला वायू सरकू शकतो, आणि त्यामुळे भूजलाच्या गुणवत्तेत कायमचा किंवा दीर्घकाळ टिकणारा बदल होण्याची शक्यता आहे.

यातल्या पहिल्या कारणावर भूजलाचं काम करणारा माणूस अडखळतो. कारण हा वालुकाश्म 'ग्रेट आर्टेशियन बेसिन'चा भाग आहे. बोअर मारली की पंपाशिवाय पाणी वर येतं, ते आर्टेशियन. आणि पाणी असं आपोआप वर तेव्हाच येतं, जेव्हा ते दोन घट्ट थरांमध्ये दाबाखाली कोंडलेलं असतं. बंदिस्त जलधराचं उदाहरण म्हणून जे खोरं पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर काढतात, त्यालाच सरकारी खातं 'बंदिस्त नाही' म्हणत होतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त रस इथेच आहे, कारण खात्याचं चुकलं होतं असं मला वाटत नाही.

खोरं आणि खडक

ग्रेट आर्टेशियन बेसिन सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. साडेपाच महाराष्ट्र त्यात मावतील. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी अशा चार भागांत ते विभागलंय. १८७८ मध्ये बर्क गावाच्या परिसरात पहिली वाहती बोअर लागली आणि कोरड्या अंतर्भागातली मेंढपाळी आणि गुरंपालन त्यानंतर याच पाण्यावर उभं राहिलं. काही बोअरचं पाणी इतकं तापलेलं असतं की गावाला पुरवण्याआधी ते थंड करावं लागतं. बर्ड्सव्हिलच्या बोअरमधून ते जवळजवळ उकळतं, ९८ अंशांवर, बाहेर पडतं.

या अवाढव्य खोऱ्याचा पूर्वेकडचा एक भाग म्हणजे सुरत बेसिन. मराठी माणसाला सुरत म्हटलं की वेगळंच आठवतं, पण हे सुरत म्हणजे क्वीन्सलँडमधलं एक छोटं गाव. नाव मात्र आपल्या सुरतेवरूनच पडलेलं.

सुरत बेसिनमध्ये खालून वर जायचं तर आधी प्रिसिपिस वालुकाश्म, त्यावर एव्हरग्रीन नावाचा चिखलखडकाचा आणि गाळखडकाचा थर, मग हटन वालुकाश्म, त्यावर वॉलून कोळसाथर. शेवटच्या थरातून आज प्रचंड प्रमाणावर नैसर्गिक वायू काढतात. प्रिसिपिस हा जुरासिक काळाच्या सुरुवातीला नद्यांनी टाकलेल्या वाळूचा थर. जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ, धुतल्यासारखा स्वच्छ. कार्नार्व्हन गॉर्ज या दरीत जे पांढरे उभे कडे पाहायला पर्यटक जातात ते याच खडकाचे. तिथे तो उघडा पडलाय, आणि तिथून दक्षिणेला तो खोल खोल जात मूनीपाशी दोन किलोमीटरच्या खाली पोचतो.

वायू साठवायला कसा खडक हवा? भरपूर पोकळ्या असलेला, त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या, वर घट्ट झाकण, आणि खोली ८०० मीटरपेक्षा जास्त. ३१ अंश तापमान आणि ७४ बार दाब यांच्या पलीकडे कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो, आणि तेवढ्याच जागेत कितीतरी पट जास्त मावतो. आता पाणी द्यायला कसा खडक हवा? खोलीची अट सोडली तर यादी तीच. हे भांडण त्या अर्थानं खडकातच लिहून ठेवलेलं होतं.

पाण्याचा वेग मोजायला बसलो तर

पाणी या थरात कुठे आणि किती वेगानं जातं, हा प्रश्न सोपा वाटतो. दोन बोअर घ्या, दोन्हीत पातळी मोजा, जास्त पातळीकडून कमी पातळीकडे पाणी जाणार. आपल्याकडे विहिरींच्या पातळीचं निरीक्षण असंच करतात आणि उथळ बेसाल्टमध्ये ते चालून जातं. दोन किलोमीटर खोलीवर मात्र ही साधी पद्धत दगा देते. कशी, ते एकदा नीट बघू.

समजा एक बोअर २,३०० मीटर खोल आहे. तळाशी पाणी ८० अंशांच्या आसपास, वर साधारण ३० अंश, म्हणजे नळीतल्या पाण्याचं सरासरी तापमान ५५ अंश धरू. ५५ अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा सव्वा टक्क्यानं हलकं असतं. तळाशी दाब तेवढाच असेल, तर हलक्या पाण्याचा स्तंभ जास्त उंच चढणार. २,३०० मीटरचा सव्वा टक्का म्हणजे २८-२९ मीटर. तीच बोअर महिनाभर बंद राहून वरून निवत गेली तर पातळी खाली येते, आणि खालच्या खडकात काहीही घडलेलं नसतं.

आता आपण शोधत असलेला फरक केवढा आहे? अशा खोल थरांत पाण्याचा ढाळ फार मंद असतो. हिशेबासाठी दहा हजारात एक धरू. म्हणजे ५० किलोमीटरवरच्या दोन बोअरमध्ये फरक पाच मीटर. पाच मीटरचा फरक शोधायचा आणि मोजमापात नुसत्या तापमानामुळे २८ मीटरची भर. म्हणून प्रत्येक वाचन आधी दाबात बदलायचं, मग तापमान आणि क्षार यांची दुरुस्ती करून एकाच मापावर आणायचं, आणि मगच नकाशा काढायचा. तेलकंपन्यांच्या जुन्या विहिरींमधली वाचनं वापरायची तर उपकरण कोणतं होतं, विहीर किती वेळ बंद ठेवली होती, हेही तपासावं लागतं. दुरुस्तीत थोडी गफलत झाली की प्रवाहाचा बाण दक्षिणेऐवजी उत्तरेकडे वळतो.

हे नुसतं काल्पनिक नाही. प्रिसिपिसच्या उत्तर भागात बाणाची दिशा खरोखर बदलली. जुनी समजूत अशी, की उत्तरेला खडक उघडा आहे तिथे पाऊस मुरतो आणि पाणी थराच्या उतारानं दक्षिणेकडे खोलात जातं. नीट दुरुस्त केलेल्या पातळ्या मांडल्यावर ईशान्य भागात वेगळंच चित्र दिसलं. तिथे पाणी टरूमजवळच्या डॉसन नदीच्या दिशेनं, म्हणजे थराच्या उताराच्या उलट, येतं आणि झऱ्यांतून नि नदीच्या पात्रात बाहेर पडतं. डॉसनच्या काठचे 'बॉगोमॉस' म्हणून ओळखले जाणारे दलदलीचे झरे अशाच खोल पाण्यावर जगतात. एका जातीची गोगलगाय तर त्यांच्याच परिसरात सापडते. म्हणजे ज्याला आपण फक्त आत जायचं दार समजत होतो, त्याच बाजूला बाहेर पडायचंही दार होतं.

मूनीच्या बाजूला मात्र चित्र धूसर. तिथे पाण्यासाठी एवढं खोल कोणी जात नाही, त्यामुळे वाचनं मोजकी आणि बहुतेक तेलाच्या विहिरींतली. वेगाचा अंदाज करता येतो. या खडकाची पारगम्यता, म्हणजे त्यातून द्रव किती सहज जातो ते, एक डार्सी (हे तिचं एकक) धरली, तर ८० अंशांच्या पातळ झालेल्या पाण्यासाठी वहनक्षमता दिवसाला सुमारे अडीच मीटर. त्याला दहा हजारात एकच्या ढाळानं गुणा आणि १८ टक्के सच्छिद्रतेनं (खडकातल्या पोकळ्यांच्या वाट्यानं) भागा. वर्षाला अर्धा मीटर येतो. हजार वर्षांत अर्धा किलोमीटर. खोऱ्याच्या इतर भागांत वर्षाला एक ते पाच मीटर असे आकडे सांगितले जातात, तेव्हा हा हिशेब फार भलतीकडे नाही.

वायूला पाण्याशी फारसं देणंघेणं नाही

सार्वजनिक वादात एक कल्पना सारखी डोकावत होती: भूमिगत नदी वाहतेय, वायू तिच्यात सोडला की वाहत शेतकऱ्याच्या बोअरपर्यंत येणार. तसं घडत नाही, पण ज्या कारणानं घडत नाही ते कंपनीलाही पूर्ण दिलासा देणारं नाही.

त्या खोलीवर कार्बन डायऑक्साइडची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो, पाण्याची साधारण ९८०. म्हणजे वायू एकतृतीयांशानं हलका. तो वर चढतो, झाकणाला जाऊन भिडतो, आणि मग झाकणाच्या उतारानं वरच्या बाजूला सरकतो. थराचा उतार शंभरात एक असेल तर या तरंगण्यातून मिळणारा रेटा तीनशेत एक ढाळाइतका भरतो. पाण्याचा नैसर्गिक ढाळ दहा हजारात एक. तीस पटींहून अधिक फरक. शिवाय वायू पाण्यापेक्षा सहापट पातळ, त्यामुळे छिद्रांतून सहज सटकतो. तेव्हा वायूचा ढग कुठे जाईल हे ठरवतं झाकणाच्या तळाचं वळण. पाण्याचा प्रवाह त्यात जवळजवळ हिशेबातच येत नाही.

ढग केवढा? ३,३०,००० टन म्हणजे सुमारे पाच लाख घनमीटर. सच्छिद्रता २० टक्के, त्यातली निम्मी जागा वायूनं भरली आणि थराची २० मीटर जाडी वापरली गेली असं धरलं, तर त्रिज्या तीनशे मीटरच्या आत. झाकणाखाली पाच मीटरच्या पातळ थरात पसरला तर सहाशे. सरकता सरकता मागे प्रत्येक छिद्रात थोडा थोडा वायू पाण्यात कोंडून राहतो, थोडा विरघळतो, आणि ढग विरत जातो. चाचणीच्या आकाराचा ढग काही किलोमीटरच्या आतच संपेल, असं संगणकावर प्रवाहाची प्रतिरूपं बनवणारा कोणीही शहाणा माणूस सांगेल.

पाण्याचा प्रवाह महत्त्वाचा ठरतो तो विरघळलेल्या वायूसाठी. ते पाणी पुढे पाण्याच्याच वेगानं जाणार. वर्षाला अर्धा मीटर.

दाब मात्र धावतो

पाणी गोगलगाईसारखं आणि दाब घोड्यासारखा, ही बंदिस्त जलधराची खोड. पाच लाख घनमीटर वायू आत घालायचा तर तेवढं, म्हणजे ५० कोटी लिटर, पाणी बाजूला सरकायला हवं. ते थोडं दाबलं जातं, खडक किंचित फुगतो, आणि हा धक्का पुढच्या पाण्याला, तिथून पुढच्याला मिळतो. वरचेच आकडे वापरले तर दाबाची चाहूल वर्षभरात ५०-६० किलोमीटरवर पोचते. पाणी तेवढ्या वेळात अर्धा मीटर सरकलेलं असतं.

या परिसरात त्याचा अनुभव आहे. रीडी क्रीक आणि स्प्रिंग गली इथे कोळसाथरातून वायूबरोबर निघालेलं पाणी शुद्ध करून २०१५ पासून याच प्रिसिपिसमध्ये परत सोडलं जातंय, आणि कित्येक किलोमीटर लांबच्या निरीक्षण बोअरमध्ये पातळी वर गेलेली दिसली. दुसरा पुरावा खुद्द मूनीचा. १९६१ मध्ये तिथे तेल लागलं, ऑस्ट्रेलियातलं पहिलं व्यापारी तेलक्षेत्र. ते तेल प्रिसिपिसमध्येच आहे. १९६४ पासून उपसा चालू झाला आणि तेलाच्या मागून पाणी जोरात येत राहिलं, दाबाला आधार देत राहिलं. मागे फार मोठा, एकसंध जोडलेला पाणीसाठा असल्याशिवाय असं होत नाही.

चाचणीपुरतं बोलायचं तर दाबाचा परिणाम किरकोळ होता. दिवसाला सुमारे ४६० घनमीटर वायू, थराची जाडी ५० मीटर असा ढोबळ हिशेब केला तर तीन वर्षांनी वीस किलोमीटरवर पातळी मीटरभरही वाढत नाही. पण चाचणी कशाची होती? क्वीन्सलँड विद्यापीठानं २०१९ मध्ये पूर्ण केलेल्या अभ्यासात याच थरात कितीतरी मोठी साठवण तपासली होती, वर्षाला एक कोटी टनांच्या वर. चाचणीच्या जवळपास शंभरपट. आकडा शंभरपट केला की मीटरचे पाऊणशे मीटर होतात. विहिरी पसरून तो कमी करता येईल हे खरं, पण तेव्हा शेजाऱ्याच्या जुन्या, गंजक्या बोअरच्या सिमेंटचं काय, हा प्रश्न फावल्या वेळेतला राहत नाही.

'या पाण्याचा उपयोग काय?'

कंपनीचा एक मुख्य मुद्दा असा होता, की इतक्या खोलचं हे पाणी कोणी वापरत नाही, आणि त्यात फ्लोराइड इतकं आहे की ते पिण्याजोगंही नाही. यवतमाळ किंवा नांदेडच्या बाजूच्या वाचकाला फ्लोराइडचं पाणी म्हणजे काय ते समजावायला नको. पण त्याच वाचकाला हेही माहीत असतं, की गाळण यंत्र बसवून ते पाणी वापरतात, दुसरं नसेल तर तसंच वापरतात. कंपनीच्या सगळ्या युक्तिवादांत मला हा सर्वांत कच्चा वाटतो. आज महाग पडतं म्हणून न वापरलेलं पाणी निरुपयोगी ठरत नाही. खोऱ्यात शतकभर बोअर बेबंद वाहू दिल्या, दाब घसरला, आणि मग सरकारनं पैसे खर्चून त्यांना झडपा बसवल्या. ज्या शेतकऱ्यांनी हे स्वतःच्या वावरात पाहिलं, त्यांना 'हे पाणी टाकाऊ' हे ऐकवणं म्हणजे आगीत तेल. अ‍ॅगफोर्स ही शेतकरी संघटना न्यायालयापर्यंत गेली, यात नवल नव्हतं.

रसायनाचा मुद्दा जास्त गंभीर. कार्बन डायऑक्साइड विरघळला की पाणी आम्लधर्मी होतं. चुनखडीचा अंश असलेल्या खडकात ते आम्ल शमतं. प्रिसिपिस मात्र स्वच्छ क्वार्ट्झ, शमवणारं त्यात फारसं काही नाही. साठवणीला उत्तम ठरणारा गुण इथे उलटतो. थोड्याफार प्रमाणात असलेल्या कार्बोनेट, सल्फाइड आणि चिकणमातीच्या खनिजांतून आर्सेनिक, शिसं यांसारखी द्रव्यं सुटू शकतात. ढगाच्या आत असं होणार यावर फारसा वाद नव्हता. वाद होता तो 'ढगाच्या आतच राहील, मग बिघडलं कुठे?' यावर.

शब्दावर येऊन थांबलेला निर्णय

इथे कायदा येतो. क्वीन्सलँडच्या पर्यावरण नियमांत टाकाऊ पदार्थ थेट भूजलात सोडण्यावर एक कडक कलम आहे: तो पूर्णपणे बंदिस्त जलधरातच राहणार नसेल, किंवा ज्या पाण्यात सोडला त्याचा दर्जा घसरणार असेल, तर परवानगी नाकारायचीच. अधिकाऱ्याला तडजोडीची मुभा नाही. आणि नियमातला 'बंदिस्त' म्हणजे अभेद्य थरांनी सर्व बाजूंनी वेढलेला.

भूजलवाल्यांच्या बोलण्यातला 'बंदिस्त' फक्त वर-खाली बघतो. झाकण आहे, तळ आहे, पाणी दाबाखाली आहे, संपलं. आडवा तो थर शेकडो किलोमीटर गेला तरी चालतो, कुठेतरी उघडा पडला तरी चालतो. किंबहुना उघडा पडल्याशिवाय पुनर्भरण कुठून व्हायचं? नियमाचा अर्थ बरणीचा आहे, भूजलशास्त्राचा अर्थ पाइपाचा. प्रिसिपिस एका टोकाला कार्नार्व्हनच्या कड्यांत उघडा, दुसरीकडे डॉसनमध्ये झिरपणारा, मधे तेलक्षेत्र. मूनीजवळून मोठा प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) जातो आणि एव्हरग्रीनचं झाकणही सगळीकडे सारखं घट्ट नाही, मधे वाळूचे पट्टे आहेत. पाइप म्हणून तो फर्मास आहे. बरणी म्हणून नापास.

शिवाय दुसरी अट आपल्या जागी होतीच. ढगाच्या आतलं पाणी बिघडणार हे मान्य असेल, तर 'दर्जा घसरणार' हे आपोआप सिद्ध होतं, मग ढग तीनशे मीटरचा असो की तीन किलोमीटरचा. प्रवाहाची सगळी प्रतिरूपं, दाबाचे सगळे नकाशे ढग छोटा राहील हे दाखवायला बनवलेले होते. नियमानं ते विचारलंच नव्हतं. कोण्या सल्लागारानं पहिल्याच बैठकीत हे कलम मोठ्यानं वाचून दाखवायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

त्यानंतर घटना भराभर घडल्या. आठवड्याभरात राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) स्टीव्हन माइल्स यांनी ग्रेट आर्टेशियन बेसिनच्या क्वीन्सलँडमधल्या भागात अशा साठवणीवर कायमची बंदी जाहीर केली आणि जूनमध्ये तसा कायदा झाला. खात्याचा निर्णय एका जागेबद्दल होता, कायदा अख्ख्या खोऱ्याबद्दल. मला पहिला पटतो. दुसऱ्यात राजकारणाचा वाटा जास्त दिसतो, कारण या खोऱ्यात एकाच प्रकारचे थर आणि एकाच दर्जाचं पाणी नाही. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मूम्बा इथे वर्षाला १७ लाख टनांपर्यंत क्षमतेचा साठवण प्रकल्प सुरू झाला. तिथे वायू रिकाम्या होत आलेल्या वायूक्षेत्रांत जातो. त्या क्षेत्रांनी लाखो वर्षं वायू धरून ठेवल्याचा पुरावा हाताशी आहे, आणि उपशामुळे दाब आधीच उतरलेला आहे. 'बरणी' या शब्दाच्या बरंच जवळ जाणारी जागा.

दक्षिण प्रिसिपिसबद्दल आपल्याला जे काही कळलंय ते तेलाच्या विहिरींमुळे आणि या प्रकल्पासाठी खणलेल्या वेस्ट मूनीच्या विहिरींमुळे. पाणी मोजण्यासाठी म्हणून दोन किलोमीटर खोल बोअर मारायला कोणतंही खातं सहजी पैसे काढत नाही. बंदीनंतर त्या भागात नव्या विहिरीला निमित्त उरलेलं नाही. मूनीच्या खाली पाणी नेमकं कोणत्या दिशेला सरकतंय, याचा नकाशा त्या मोजक्या वाचनांवरच, तापमानाच्या दुरुस्तीसकट, टेकलेला आहे.